एसक्यूएल सर्व्हरचा गेलेला ताबा परत मिळवताना : डीबीएटूल्समधील ‘रीसेट-डीबीएॲडमिन’चे परीक्षण

डीबीएटूल्स हे पॉवरशेलसाठीचे, म्हणजे लिखित आज्ञा देऊन संगणक हाताळण्याच्या साधनासाठीचे, मोफत आणि मुक्तस्रोत मॉड्यूल आहे. क्रिसी लमेर यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात आज जगभरातील अनेकांचा हातभार लागतो, आणि एसक्यूएल सर्व्हर ही मायक्रोसॉफ्टची डेटाबेस प्रणाली सांभाळणाऱ्यांना लागणाऱ्या पाचशेहून अधिक आज्ञा त्यात आहेत. बॅकअप, स्थलांतर, तपासणी, लॉगिनांची नक्कल अशा नित्याच्या कामांच्या आज्ञांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. प्रस्तुत परीक्षण त्यातील एकाच आज्ञेचे आहे. ‘रीसेट-डीबीएॲडमिन’ असे तिचे नाव असून, सर्व्हर व्यवस्थित चालू आहे पण त्यावर प्रशासक म्हणून प्रवेश करू शकणारी एकही व्यक्ती उरलेली नाही, अशा पेचातून बाहेर काढणे हे तिचे काम आहे. बहुतेक प्रशासकांना तिची गरज वर्षानुवर्षे पडत नाही, त्यामुळे ती पडते तेव्हा आज्ञेचे नावही आठवत नाही. मी ती विंडोजवरील एसक्यूएल सर्व्हर २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांवर, चाचणीच्या यंत्रांवर आणि ग्राहकांच्या चालू सर्व्हरवरही वापरली आहे. पुढील मत त्या अनुभवावर आधारलेले आहे.

असा पेच निर्माणच कसा होतो, हे आधी पाहिले पाहिजे, कारण साधनाचे गुण-दोष त्याच संदर्भात कळतात. एसक्यूएल सर्व्हर २००५ पर्यंत विंडोजच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स गटाला डेटाबेस सर्व्हरवर आपोआप ‘सिसॲडमिन’ ही सर्वोच्च भूमिका मिळत असे. यंत्राचा प्रशासक तोच डेटाबेसचा प्रशासक, असा सरळ हिशेब होता. २००८ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हा हिशेब मोडला. इन्स्टॉलेशन करतानाच सिसॲडमिन कोण असेल हे सांगावे लागते, आणि बसवणारा बहुधा ‘सध्याचा वापरकर्ता जोडा’ हे बटण दाबून पुढे जातो. विंडोज ऑथेंटिकेशन, म्हणजे विंडोज खात्यांनाच प्रवेश, निवडलेले असेल, तर ‘एसए’ हे सर्वाधिकारी, सनातन लॉगिन बंद अवस्थेतच राहते. एसए बंद ठेवण्यामागे सबळ इतिहास आहे. मे २००२ मध्ये पसरलेला स्पायडा हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) एसएचा पासवर्ड रिकामा ठेवलेले सर्व्हर शोधत फिरत होता आणि त्याला असे सर्व्हर भरपूर सापडले. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही निर्णय योग्यच आहेत. परंतु त्यांचा एकत्रित परिणाम असा, की छोट्या आणि मध्यम कंपन्यांमध्ये संपूर्ण सर्व्हरचा ताबा एका माणसाच्या एका विंडोज खात्यावर लटकलेला असतो.

तो माणूस नोकरी सोडतो, मनुष्यबळ विभाग नियमाप्रमाणे त्याचे खाते अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे कंपनीच्या विंडोज खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतून, काढून टाकतो, आणि त्या दिवशी काहीच बिघडत नाही. सॉफ्टवेअर चालू असते, बिले निघत असतात. बोंब होते ती काही दिवसांनी, रात्रीचा बॅकअप झालेला नाही असे कुणाच्या तरी लक्षात येते तेव्हा. कारण बॅकअपच्या जॉबचा मालक तेच काढून टाकलेले खाते असते आणि एजंटला, म्हणजे ठरल्या वेळी जॉब चालवणाऱ्या सर्व्हिसला, त्या मालकाची ओळख पटवता येत नसल्याने जॉब १५४०४ या क्रमांकाची त्रुटी देऊन थांबलेला असतो. दुरुस्त करायला जावे, तर सर्व्हर हाताळण्याचा मॅनेजमेंट स्टुडिओ हा प्रोग्राम त्रुटी १८४५६ दाखवतो : लॉगिन फेल्ड. मग कुणीतरी सुचवते, की त्याच नावाचे खाते पुन्हा तयार करा. हा उपाय मी अनेक ठिकाणी करून झालेला पाहिला आहे आणि तो कधीही चालत नाही. एसक्यूएल सर्व्हर विंडोज लॉगिन ओळखतो ते त्याच्या सुरक्षा-ओळखक्रमांकावरून, नावावरून नव्हे, आणि नव्या खात्याला विंडोज नवाच क्रमांक देते. अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवलेली समर्पित प्रशासकीय जोडणी, म्हणजे ज्याला सर्वजण डीएसी म्हणतात, तीही येथे निरुपयोगी ठरते, कारण तिला मुळात सिसॲडमिन लागतो.

मायक्रोसॉफ्टने अशा प्रसंगासाठी एक अधिकृत मार्ग ठेवलेला आहे आणि तो लपवलेलाही नाही. सर्व्हर एकल-वापरकर्ता पद्धतीने, म्हणजे सिंगल यूजर मोडमध्ये चालू केला, की त्या यंत्राच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर्स गटातील कोणीही सिसॲडमिन म्हणून जोडला जाऊ शकतो. यासाठी सर्व्हिसच्या स्टार्टअप पॅरामीटरमध्ये ‘उणे एम’ (-m) हा स्विच घालायचा, सर्व्हिस पुन्हा चालू करायची, कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, एसक्यूएलसीएमडी या आज्ञा-साधनाने जोडणी करायची, नवे लॉगिन तयार करून त्याला सिसॲडमिन भूमिका द्यायची, स्विच काढायचा आणि सर्व्हिस पुन्हा एकदा चालू करायची. कागदावर हे पाच मिनिटांचे काम आहे. रीसेट-डीबीएॲडमिन याहून वेगळे काही करत नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. ती कोणताही पासवर्ड फोडत नाही, कोणतीही पळवाट वापरत नाही, आणि ज्याच्याकडे विंडोजचे प्रशासकीय अधिकार नाहीत त्याला तिचा काडीचाही उपयोग होत नाही. मग तिची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्या ‘एकल’ या शब्दाच्या व्यवहारात आहे.

सिंगल यूजर मोडमध्ये जोडणी एकच मिळते आणि ती जो आधी येईल त्याला मिळते. चाकणजवळच्या एका कारखान्यातील सर्व्हरवर हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्रांचे सॉफ्टवेअर होते. जोडणी तुटली की ते क्षणाचीही उसंत न घेता पुन्हा प्रयत्न करत राही. सर्व्हिस उठल्याचा संदेश पडद्यावर यायच्या आत ती एकमेव जागा त्या सॉफ्टवेअरने पटकावलेली असे आणि आपल्या वाट्याला त्रुटी १८४६१ येई, ज्याचा मजकूर असा, की सर्व्हर सिंगल यूजर मोडमध्ये असून यावेळी एकच प्रशासक जोडला जाऊ शकतो. एजंटची सर्व्हिस बंद केली, रिपोर्टिंगची बंद केली, तरी कुठल्या तरी टेबलावरचा संगणक मध्ये येत होता. शेवटी तेथील कर्मचाऱ्याने सर्व्हरची नेटवर्क केबलच काढायची तयारी केली. हाताने काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही शर्यत भोगावी लागते, आणि ती रात्री अकरा वाजता, मालक मागे उभे असताना भोगण्यात काहीही मौज नाही.

रीसेट-डीबीएॲडमिनचे खरे मोल या शर्यतीपुरतेच आहे, पण तेवढ्यासाठीही ती पुरेशी आहे. ‘उणे एम’ या स्विचला जोडून एखाद्या क्लायंट ॲप्लिकेशनचे नाव देता येते आणि मग सर्व्हर त्या नावाने येणाऱ्या जोडणीखेरीज इतरांना आत घेत नाही. ही सोय अधिकृतच आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते, आणि नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालत नसल्याने ज्यांना माहिती असते त्यांच्याही हातून ती फसते. ही आज्ञा सर्व्हिस थांबवते, ती पुन्हा उठवताना स्वतःचेच नाव त्या स्विचला जोडते, आणि लगेच त्याच नावाने आत शिरते. हजेरीचे सॉफ्टवेअर बाहेर कितीही धडका मारत असले, तरी त्याला जागा मिळत नाही. जे काम अर्धा-एक तास कुस्ती करून होत नव्हते, ते त्या कारखान्यात चहा येईपर्यंत झाले. येथे एक इशारा देणे आवश्यक आहे, की नावाने अडवणे ही सुरक्षेची भिंत नाही. क्लायंट आपले नाव स्वतःच सांगतो, त्यामुळे ते खोटेही सांगता येते. मायक्रोसॉफ्टही ही सोय सुरक्षेसाठी वापरू नये असेच सांगते.

आत शिरल्यावर आज्ञा काय करते, याचा क्रम सरळ आहे. दिलेले लॉगिन अस्तित्वात नसेल तर तयार केले जाते, बंद असेल तर चालू केले जाते, कुलूपबंद झालेले असेल तर मोकळे केले जाते, आणि त्याला सिसॲडमिन भूमिका दिली जाते. त्यानंतर सर्व्हिस पुन्हा थांबवून नेहमीच्या पद्धतीने उठवली जाते. वापरणाऱ्याने द्यायचे ते दोनच तपशील : इन्स्टन्सचे, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या त्या एसक्यूएल सर्व्हरचे, नाव आणि लॉगिनचे नाव. लॉगिन विंडोजचे असेल तर पासवर्डचा प्रश्न येत नाही. एसक्यूएलचे असेल तर तो विचारला जातो. मुख्य काम सुरू करण्यापूर्वी ती संमती मागते, आणि मधे कुठे अडखळलीच तर सर्व्हर निदान पूर्ववत चालू करण्याचा आपल्या परीने प्रयत्न करते. हा शेवटचा भाग मला विशेष वाटतो, कारण हाताने काम करताना सर्वाधिक घोटाळा तिथेच होतो. स्टार्टअप पॅरामीटरमधील स्विच काढायचे राहून जाते, सर्व्हर सकाळपर्यंत सिंगल यूजर मोडमध्येच अडकून पडतो, आणि आठ वाजता पहिली पाळी आल्यावर सर्वांचीच धावपळ होते. २०१२ च्या पूर्वीच्या आवृत्त्यांत तर हे पॅरामीटर अर्धविरामांनी जोडलेल्या एका लांबलचक ओळीत लिहावे लागत, आणि अर्धविरामानंतर चुकून एक जागा सुटली तरी स्विच वाचलाच जात नसे. ही आज्ञा ते पॅरामीटर कायमस्वरूपी बदलतच नाही. स्विच त्या एका वेळेपुरता देते. म्हणून मागे काही उरत नाही.

इथपर्यंत कौतुक झाले. आता ज्या गोष्टी मला खटकतात त्या सांगतो, आणि त्या किरकोळ नाहीत.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार लॉगिनच्या गृहीत मूल्याविषयी आहे. लॉगिनचे नाव दिलेच नाही, तर आज्ञा ‘एसए’ धरून चालते. घाईत असलेला माणूस नाव देत नाही, पासवर्ड विचारला की टाकतो, आणि काम झाले म्हणून निघून जातो. मागे काय राहते ते पाहा : एसए चालू झालेले असते; विंडोज ऑथेंटिकेशनपुरता मर्यादित असलेला सर्व्हर मिक्स्ड मोडमध्ये, म्हणजे एसक्यूएलची स्वतःची लॉगिनेही स्वीकारणाऱ्या पद्धतीत, गेलेला असतो; आणि आज्ञेने एखादे एसक्यूएल लॉगिन नव्याने तयार केले असल्यास त्यावरील पासवर्ड धोरणाची तपासणी बंद ठेवलेली असते, म्हणजे चुकीचे पासवर्ड कितीही वेळा मारले तरी ते लॉगिन कुलूपबंद होत नाही. यातली कोणतीही गोष्ट लपवलेली नाही, मदतीच्या मजकुरात ती स्वच्छ लिहिलेली आहे. परंतु संकटाच्या वेळी मदतीचा मजकूर वाचतो कोण? काही दक्ष संस्था एसएचे नाव बदलून ठेवतात, कारण ते लॉगिन काढून टाकता येत नाही पण त्याचे नाव बदलता येते. लॉगिन नसेल तर तयार करायचे, या आज्ञेच्या लेखी वर्तनाचा अर्थ असा होतो, की अशा सर्व्हरवर गृहीत मूल्याने चालवल्यास एसए नावाचे एक नवेच, सर्वाधिकारी लॉगिन जन्माला येईल आणि सुरक्षा विभागाचे काम एका ओळीत पुसले जाईल.

दुसरी अडचण एसएचा पासवर्ड बदलण्याच्या परिणामांची आहे, आणि तिचा दोष पूर्णपणे साधनाकडे जात नाही. नवा पासवर्ड दिला की जुना संपतो. तो परत मिळण्याचा मार्ग नाही, कारण सर्व्हरने तो कधी साठवलेलाच नसतो, साठवलेला असतो तो केवळ त्याचा हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारे रूप. आपल्याकडील कितीतरी बिलिंगची, हजेरीची आणि पतसंस्थांची जुनी सॉफ्टवेअर थेट एसए वापरून जोडलेली असतात. पुरवठादाराने पासवर्ड कुठल्या तरी कॉन्फिगरेशन फाइलमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो, तो आपल्याला ठाऊक नसतो, आणि आपण एसए बदलले की ते सॉफ्टवेअर त्याच क्षणी बंद पडते. पुरवठादार गाव सोडून गेलेला असला तर पंचाईत अधिकच. म्हणून माझा आग्रह असा राहील, की ही आज्ञा चालवताना नेहमी आपल्या विंडोज खात्याचे नाव स्पष्टपणे द्यावे आणि एसएला हात लावू नये. विंडोज लॉगिन दिल्यास ऑथेंटिकेशनचा मोडही बदलत नाही आणि पासवर्ड धोरणाचा प्रश्नही उद्भवत नाही. अशा रीतीने वापरल्यास वरील जवळजवळ सर्व तक्रारी गळून पडतात. म्हणूनच हे गृहीत मूल्य अधिक खुपते.

सेवा खंडित होण्याचा विचार वापरणाऱ्यानेच करायचा आहे. सर्व्हिस दोनदा थांबते आणि दोनदा उठते. दरम्यान चालू असलेले प्रत्येक काम मोडते, आणि एखादा लांबलचक व्यवहार अर्धवट असेल तर तो डेटाबेस सावरेपर्यंत वाट पाहावी लागते. यातील विचित्रपणा असा, की सर्व्हरवर या क्षणी काय चालू आहे ते पाहण्याचा अधिकारही आपल्याकडे नसतो. तोच तर परत मिळवायचा असतो. त्यामुळे आधी विभागांना फोन करून विचारणे, महिनाअखेरीची प्रक्रिया किंवा पगारपत्रक चालू नाही ना याची खात्री करणे, हे जुन्या पद्धतीचे कामच करावे लागते. आज्ञा सर्व लॉगिनांची नोंद असलेल्या मास्टर डेटाबेसची प्रतही घेत नाही. मी स्वतः सर्व्हिस एकदा हाताने थांबवून मास्टरच्या दोन्ही फाइलींची नक्कल बाजूला ठेवतो आणि मगच पुढे जातो. त्याने वेळ थोडा वाढतो, पण बॅकअप बंद पडलेल्या सर्व्हरवर काम करताना एवढी सावधगिरी जास्त वाटत नाही.

बसवण्याच्या बाबतीत इंटरनेट असलेल्या यंत्रावर काहीच कटकट नाही. पॉवरशेल गॅलरीतून एका ओळीत मॉड्यूल येते. परंतु डेटाबेस सर्व्हरला इंटरनेट नसणे हेच सुज्ञपणाचे असल्याने प्रत्यक्षात ते दुसऱ्या यंत्रावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावे लागते. मॉड्यूल आकाराने मोठे आहे. एका आज्ञेसाठी पाचशेहून अधिक आज्ञांचा संसार सर्व्हरवर नेणे काही संस्थांच्या धोरणात बसत नाही आणि त्यांची हरकत मला समजते. दूरच्या यंत्रावरून चालवायचे असेल तर विन-आरएम ही दूरस्थ व्यवस्थापनाची सोय चालू असावी लागते. ती नसेल तर सरळ सर्व्हरवरच जाऊन, पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून काम उरकावे. साध्या खिडकीतून चालवल्यास विंडोज आपले प्रशासकीय अधिकार झाकून ठेवते.

फेलओव्हर क्लस्टरवर, म्हणजे एक यंत्र पडल्यास दुसरे काम उचलते अशा मांडणीवर, आज्ञा क्लस्टरचा संसाधन-गट थांबवून काम करते, असे तिच्या वर्णनात म्हटलेले आहे आणि ही सोय हाताने करण्यापेक्षा निश्चितच बरी आहे, कारण सर्व्हिस परस्पर थांबवली तर क्लस्टर तिला बिघाड समजून पुन्हा उठवू पाहतो. असे असले, तरी क्लस्टर सांभाळणारी माणसे जवळ असल्याशिवाय मी त्यावर तिचा प्रयोग करणार नाही. तिच्या मदतीच्या मजकुरातील चाचण्यांची यादी एसक्यूएल सर्व्हर २०१६ च्या पूर्वपरीक्षण आवृत्तीपाशी थांबते, आणि त्यात अजून विंडोज एक्सपीचे नाव आहे. आज्ञा नव्या आवृत्त्यांवर चालते हे मी पाहिले आहे, पण एवढ्या नाजूक साधनाच्या दस्तऐवजावर इतकी धूळ बसू देऊ नये.

पर्याय म्हणून बाजारात पासवर्ड बदलून देणारी विकतची साधनेही मिळतात. त्यांची पद्धत वेगळी असते. सर्व्हिस बंद करून मास्टर डेटाबेसची मूळ फाइल त्यांच्या हाती द्यायची, आणि ती आतील हॅश थेट बदलतात. ज्या फाइलवर संपूर्ण इन्स्टन्सचा डोलारा उभा आहे तिच्यात बाहेरच्या प्रोग्रामने बाइट बदलावेत, हे मला मान्य नाही, मग त्याची किंमत काहीही असो. शिवाय विंडोजचे प्रशासकीय अधिकार हाताशी असताना त्यासाठी पैसे मोजण्याचे कारणच नाही. जुन्या सर्व्हरवर सुचवला जाणारा आणखी एक मार्ग म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स साधनसंचातील पीएसएक्झेकने मॅनेजमेंट स्टुडिओ विंडोजच्या ‘सिस्टम’ खात्याने उघडणे. २००८ आर२ पर्यंत या खात्याला मुळातच सिसॲडमिन मिळत असे, त्यामुळे सर्व्हिस न थांबवता काम होई. २०१२ पासून ते मिळत नाही. अर्थात जुन्या आवृत्तीवरून अद्ययावत केलेल्या काही सर्व्हरवर ते लॉगिन जुन्याच अधिकारांसह शिल्लक सापडते, म्हणून सर्व्हर थांबवणे अगदीच शक्य नसेल तेथे हा प्रयत्न करून पाहायला हरकत नाही.

या साधनाविषयी बोलताना, चोरासाठीही हे दार उघडेच आहे की, अशी शंका हमखास निघते. ती बरोबर आहे, पण दार या आज्ञेने उघडलेले नाही. विंडोजच्या प्रशासकाला एसक्यूएल सर्व्हरपासून कायमचे दूर ठेवता येत नाही, ही त्या उत्पादनाची रचनाच आहे, आणि जी संस्था दोन्ही जबाबदाऱ्या वेगळ्या केल्याचे लेखापरीक्षकाला सांगते तिने हे ध्यानात ठेवलेले बरे. निदान हे काम गुपचूप होत नाही. सर्व्हर सिंगल यूजर मोडमध्ये उठल्याची नोंद एररलॉगमध्ये पडते, सर्व्हिस थांबल्याची नोंद विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये पडते. अधिकृतपणे काम करणाऱ्याने या नोंदींची प्रत काढून परवानगीच्या ईमेलसोबत जपून ठेवावी, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवल्यास दाखवायला कागद असतो.

इतर डेटाबेसांच्या तुलनेत एसक्यूएल सर्व्हरचा हा मार्ग मला किंचित अवघडच वाटतो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये प्रवेशाचे नियम ठेवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमधील एक ओळ बदलून कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला सांगितले की काम होते, सर्व्हर थांबवावाही लागत नाही. नंतर ‘ट्रस्ट’ ही, पासवर्ड न मागता आत घेणारी, ओळ काढायला विसरले तर मात्र धडगत नाही. ओरॅकलमध्ये ऑपरेटिंग सिस्टमच्या योग्य गटात असलेला माणूस पासवर्डाशिवाय ‘सिसडीबीए’ म्हणून आत जातो. मायएसक्यूएलमध्ये अधिकारांचे तक्ते दुर्लक्षित करून सर्व्हर उठवण्याचा जुना पर्याय आहे आणि ८.० पासून तो वापरताच नेटवर्कवरच्या जोडण्या आपोआप बंद होतात, ही सुधारणा वाखाणण्यासारखी आहे. लिनक्सवरील एसक्यूएल सर्व्हरसाठी रीसेट-डीबीएॲडमिनचा उपयोगच नाही, आणि त्याची गरजही नाही. सर्व्हिस थांबवून एमएसएसक्यूएल-कॉन्फ या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने एसएचा पासवर्ड नव्याने देता येतो. क्लाउडमधील व्यवस्थापित सेवांत तर हा प्रश्न पोर्टलवरील पासवर्ड बदलण्याच्या बटणापुरताच उरतो.

ताबा परत आला की कामाचा दुसरा भाग सुरू होतो आणि त्यात आज्ञा काही मदत करत नाही, तशी तिच्याकडून अपेक्षाही नाही. काढून टाकलेल्या खात्याच्या मालकीचे जॉब एसएच्या नावावर करावेत. एसए बंद असले तरी जॉबचा मालक म्हणून ते चालते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. डेटाबेसांची मालकी तपासावी. ज्या लॉगिनांचा विंडोजमधील जोडीदार उरलेला नाही ती शोधून काढावीत. आणि सिसॲडमिन भूमिका एका व्यक्तीला देण्याऐवजी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील एका गटाला द्यावी, म्हणजे उद्या माणूस बदलला तरी गटातील नाव तेवढे बदलावे लागेल. डीबीएटूल्समधील इतर आज्ञा यातील बहुतेक कामांना उपयोगी पडतात आणि इथे मॉड्यूलचा अवाढव्य आकार सत्कारणी लागतो.

मोफत साधनाला किंमतीच्या तराजूत तोलता येत नाही, म्हणून भरवशावर तोलतो. विंडोजवरील एकट्या इन्स्टन्ससाठी, स्वतःचे विंडोज खाते स्पष्टपणे देऊन वापरल्यास, मी या आज्ञेला पाचपैकी साडेचार गुण देईन. गृहीत मूल्यावर सोडून वापरणाऱ्याच्या दृष्टीने तीनच. पुढील आवृत्तीत लॉगिनचे नाव देणे सक्तीचे करावे आणि शेवटी ‘आपण एसए चालू केले आहे, मिक्स्ड मोड लागू झाला आहे’ असे दोन ओळींत पडद्यावर छापावे, एवढी सूचना मला प्रकल्पाच्या गिटहबवर मांडण्याजोगी वाटते. प्रकल्प मुक्तस्रोत असल्याने हा बदल लिहून पाठवण्याची मुभा ज्याला ही गोष्ट खटकते त्या प्रत्येकालाच आहे.